रविवारी सकाळी अकरा वाजता वाचत बसलं तर?

"सुट्टी असूनही बरं वाटत नाही हो मॅडम. पूर्वी पुस्तक हातात घेतलं की जेवणाखाण्याची शुद्ध नसायची, आता चार पानं होत नाहीत. जिवाभावाची मैत्रीण याच शहरात राहते, पण भेट नाही. हे डिप्रेशन तर नसेल ना?"

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकते. बायका जास्त बोलून दाखवतात. पुरुष इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, उठता उठता सांगतात.

आधी त्या भीतीबद्दल. दिवसातला बराचसा वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ ही सरकारची 'टेली मानस' सेवा मोफत आहे, रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. मात्र ज्यांचा मंगळवार-बुधवार छान जातो, डबा चवीनं खाल्ला जातो, ऑफिसात थट्टामस्करी चालते आणि फक्त रविवारीच घोडं पेंड खातं, त्यांचं दुखणं बहुतेक वेळा वेगळं असतं. ते नवंही नाही. बुडापेस्टचे मनोविश्लेषक फेरेन्झी यांनी १९१९ मध्ये 'रविवारच्या' मनोविकारांवर लिहून ठेवलंय. सुट्टीच्या दिवशी दाबलेल्या ऊर्मी डोकं वर काढतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते फारसं पटत नाही. मी अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं जाणारी आहे. माणूस स्वतःला मनातल्या मनात कोणते हुकूम सोडतो, ते मी आधी ऐकते.

ठाण्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बँकेत अधिकारी, चाळिशी ओलांडलेली, मुलगी दहावीत, घरी सासूबाई. पहिल्याच भेटीत त्यांनी आपल्या रविवारचा हिशेब मांडला, अगदी ताळेबंद मांडावा तसा. वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प केला होता आणि त्यातलं तिसरंच सात महिने उशाशी पडून होतं.

"आवडतंय का ते?" मी विचारलं.

"खूप नावाजलेलं आहे."

"तुम्हाला आवडतंय का?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू? मला रहस्यकथा आवडतात. पण दहावीतल्या मुलीसमोर तसलं कसं वाचायचं?"

मी वहीत 'तसलं' एवढाच शब्द लिहिला. करमणुकीतही पास-नापास लावायची सवय झाली की पुस्तक हातात घेताच परीक्षेला बसल्यासारखं होतं. मग मोबाईल बरा वाटतो, कारण तिथे कुणी गुण देत नाही. 'एकाग्रता गेली' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी जणांच्या बाबतीत मला हेच आढळलंय. नावडतं पुस्तक धरून बसायचं आणि दोष स्वतःच्या मेंदूला द्यायचा! ते पुस्तक लायब्ररीत परत करा, असं मी सांगितलं. त्यांनी ते केलं, पण चोरी केल्यासारखं वाटलं म्हणाल्या.

मैत्रिणीचीही तीच तऱ्हा. आठ महिने फोन नाही. भांडण वगैरे काही नव्हतं. "तिला नीट वेळ द्यायला हवा ना. घाईघाईत पाच मिनिटं बोलणं म्हणजे तिचा अपमान." मी म्हटलं, उद्या मटार सोलताना फोन करा आणि मटार संपले की ठेवून द्या. पुढच्या वेळी हसतच आल्या. मैत्रीण फोनवर म्हणाली होती, "बोल बोल, मी पण कपड्यांच्या घड्या घालतेय. एक दिवस निवांत फोन करू म्हणून मीही थांबले होते." दोघी एकमेकींचा मान राखत आठ महिने गप्प बसल्या होत्या.

आता मुख्य प्रसंग. एलिस आपल्याकडे येणाऱ्या लाजाळू माणसांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्यानं ओरडून सांगायला लावत. लाज वाटली तरी आभाळ कोसळत नाही, हे अंगाला कळावं म्हणून. आमच्या बाईंना मी नेमून दिलं ते ठाण्याच्या मानानं याहून अवघड होतं. रविवारी सकाळी अकरा वाजता, स्वयंपाकाच्या ऐन वेळी, हॉलमध्ये पंख्याखाली पाय वर घेऊन बसायचं आणि रहस्यकथा वाचायची. मुखपृष्ठ लपवायचं नाही.

"अकरा वाजता? दुपारी चालणार नाही?"

"नाही."

काय झालं ते त्यांच्याच शब्दांत: "दहा-बारा पानं झाली असतील. सासूबाई आल्या, कपाळाला हात लावून बघितला. म्हणाल्या, बरं नाही का गं तुला? मी म्हटलं, बरी आहे आई, वाचतेय. त्या उभ्याच. मला वाटलं आता बोलतील. त्या म्हणाल्या, मग कुकर मी लावू का?" इथे त्या हसल्या आणि लगेच डोळे पुसले. "मॅडम, वाचत बसलेली बाई त्यांना आजारी वाटली. आणि मलाही तसंच वाटत होतं की!"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडात घातलेलं नव्हतं. त्यांचं त्यांना सापडलं, याचं मला आजही समाधान आहे. जेवण पाऊण तास उशिरा झालं. मुलीनं तोवर दोन केळी खाल्ली.

त्या दिवशी मी त्यांना नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण करून दिली. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिल्यावर. ती सुट्टी गिरणीला होती, चुलीला नव्हती. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७. तेव्हा 'माझंच काहीतरी चुकतंय' असं म्हणत आलेल्या बाईला नुसतं मन बदलायला सांगून भागत नाही. कुकर कोण लावणार, हेही ठरवावं लागतं. पुढे त्यांचे यजमान दोनदा येऊन गेले ते त्याचसाठी.

असंच काही तुमचं होत असेल तर सगळं आवरल्यावर वाचू, असं म्हणू नका. घर कधीच आवरून होत नाही. आधी वाचायला बसा, मूड मागून येतो. पन्नास पानांत पुस्तकानं धरलं नाही तर खुशाल सोडा. वर्षाचा आकडा ठरवू नका, वाचलेल्याचा फोटो कुणाला पाठवू नका. वाचताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पण मैत्रिणीला फोन करायला मात्र कसलाही मुहूर्त शोधू नका. मोठी सहल ठरवून ती पुढे ढकलत राहण्यापेक्षा कोपऱ्यावरचा अर्धा तासाचा चहा बरा.

आमच्या बाई आणि त्यांची मैत्रीण आता महिन्यातल्या एका शनिवारी तलावपाळीवर, तळ्याकाठी भेटतात. मध्यंतरी लागोपाठ दोनदा भेट रद्द झाली, तेव्हा जुना सूर परत लागला: "तिला नकोच असेल." जुनी सवय अशी एका कुकरनं जात नाही. त्यावर आम्ही एक साधा नियम केलाय. जी भेट रद्द करेल तिनं त्याच फोनवर पुढची तारीख सांगायची.