व्हिसेरात काही निघालं नाही, मग पोरगं गेलं कशानं?

प्रश्न : माझ्या दादाचा 19 वर्षांचा मुलगा पोलीस भरतीसाठी 1600 मीटरचा सराव करताना कोसळला आणि गेला. चार महिने झाले. पीएममध्ये कारण लागलं नाही, व्हिसेरातही काही निघालं नाही. त्याची 15 वर्षांची बहीण कबड्डी खेळते. तिचा ईसीजी नॉर्मल आहे. तिला खेळू द्यावं का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : अजून नको. व्हिसेरा, म्हणजे पीएममध्ये काढून ठेवलेले अवयवांचे भाग, तपासतात तो विषासाठी. हृदयाचा दोष शोधायचा तर हृदय हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, जावं लागतं. ते पाठवलं होतं का, हे पीएम नंबर सांगून जिथे पीएम झालं तिथेच विचारा.

या वयात असं होण्यामागे बऱ्याचदा आनुवंशिक आजार असतो आणि त्यातले बरेचसे आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून दादा, वहिनी आणि मुलगी, तिघांचीही तपासणी हवी : ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिल (पट्ट्यावर चालताना-पळताना काढलेला ईसीजी). सीपीव्हीटी या ठोके बिघडण्याच्या आनुवंशिक आजारात पडून काढलेला ईसीजी साफ नॉर्मल येतो. ठोके बिघडतात ते धावताना. हृदयाचा स्नायू जाड झालाय का, हे इकोत कळतं. पण ही जाडी वयात येतानाही वाढते, त्यामुळे आज इको चांगला आला तरी मुलीचा दर एक-दोन वर्षांनी परत करावा लागेल. लाँग क्यूटी हा असाच ठोक्यांचा आजार, त्यात ईसीजीवरचं ‘क्यूटी’ हे अंतर लांबतं. त्यासाठी मशीनने छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, डॉक्टरांना क्यूटी हाताने मोजायला सांगा.

जाताना तीन पिढ्यांची यादी न्या : कोण, कितव्या वर्षी, काय करताना गेलं. पट्टीचा पोहणारा विहिरीत बुडाला, कुणी झोपेत गेलं, कुणाला ‘फिट’च्या गोळ्या चालू आहेत; नातेवाईक सहसा हे सांगतच नाहीत, आणि निदान नेमकं तिथेच अडतं.

क्यूटीचा निकाल लागेपर्यंत ताप-उलटीला मुलीला अ‍ॅझिथ्रोमायसिन, ऑनडॅनसेट्रॉन, डोमपेरिडोन मेडिकलवरून परस्पर देऊ नका, या औषधांनी क्यूटी आणखी लांबू शकतं. घरातल्या दोघांनी तरी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचा प्रथमोपचार, शिकावा : छातीच्या मधोमध, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब.

‘आपणच पळायला लावलं’ हे वहिनींच्या मनात असेल. पळण्यामुळे हा आजार होत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. मुलगी रात्री झोपायला घाबरत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 नंबरवर मराठीत बोलता येतं.

प्रश्न : हृदय बंद पडून वाचलेल्या मुलाला आयसीडी (ठोके बिघडले तर आतून शॉक देणारं यंत्र) बसवलंय. केळीच्या मळ्यात मोटर चालू केली तर चालेल? – रावेर

उत्तर : चालेल, पण आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. ओल्या पेटीतून करंट उतरला तर आयसीडी त्याला बिघडलेले ठोके समजून नाहक शॉक देऊ शकतं. मोटरपासून हातभर लांब राहावं, मोबाइल वरच्या खिशात नको, वेल्डिंग दुसऱ्याकडून करून घ्यावं. एक शॉक बसून बरं वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. लागोपाठ दोन बसले किंवा चक्कर आली तर थेट 108.