तडीपारातली तड आणि पार

देवगडहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. तो आधी जसाच्या तसा देतो: "काका, परवा बातम्यांत ऐकलं, 'नाझी छळछावणीतल्या पहारेकऱ्याला अमेरिकेने निर्वासित केले होते'. खालच्या पट्टीवर त्याच माणसाचं 'प्रत्यार्पण' चाललं होतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तो 'तडीपार' झाला. यातलं बरोबर काय? आणि अशा माणसाला मुळात देशात पाऊलच टाकू न देणं याला आपल्याकडे शब्द आहे का? आमची आजी नुसतं 'तडीक लाव रे म्हाराजा' म्हणायची, त्यातली तड आणि ही तड एकच का?"

ताई, 'हद्दपार' लिहा. बाकीचे तिन्ही त्या जागी चूक. उत्तर संपलं. आता ज्याच्यासाठी मी पेन उचललं ते.

आधी 'निर्वासित', कारण तो ऐकला की माझा चहा गार होतो. हिंदीत निर्वासन म्हणजे बाहेर घालवणं. भाषांतराच्या घाईत तो शब्द दिल्लीहून निघतो आणि कपडेही न बदलता आपल्या बातम्यांत येऊन बसतो. मराठीत मात्र १९४७ नंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली, तिथं पुढे उल्हासनगर वसलं, आणि तेव्हापासून निर्वासित म्हणजे घरदार मागं टाकून जीव घेऊन आलेला माणूस. ज्यानं दुसऱ्यांची घरं रिकामी केली, त्याला तुम्ही त्याच्याच बळींचं नाव देता! यावर एक निवृत्त प्राध्यापक (पुण्याचे, हे सांगायला नको) मला कळवतात की संस्कृतात निर्वासित म्हणजे 'घालवलेला' असाच अर्थ आहे, तेव्हा तक्रार कसली. सर, संस्कृतात वेदना म्हणजे जाणीव असाही अर्थ आहे. दाढ ठणकते तेव्हा डॉक्टरला "इथं जाणीव होतेय" असं सांगता काय?

यातली खरी मेख वेगळीच आहे. ही माणसं परदेशात शिरली ती निर्वासित म्हणूनच. याकीव्ह पालिय नावाचा माणूस १९४९ साली अमेरिकेत आला. युद्धाच्या काळात काय करत होतास, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं: बापाच्या शेतावर होतो, नंतर जर्मनीत कारखान्यात. प्रत्यक्षात तो पोलंडमधल्या त्राव्निकी छावणीत पहाऱ्यावर होता. १९५७ साली त्याला नागरिकत्वही मिळालं. पुढे सगळं उघडकीस आलं तेव्हा अमेरिकेनं त्याच्यावर खुनाचा खटला भरला नाही. परमुलखात, परक्या माणसांनी, परक्या माणसांवर केलेला तो जुना गुन्हा तिथल्या कोर्टाच्या हातात नव्हता. हातात होतं ते खोटं बोलणं. म्हणून आधी नागरिकत्व काढायचं आणि मग माणसाला बाहेर काढायचं, अशी दोन पायऱ्यांची वाट. कायद्याच्या नजरेत ही शिक्षा नव्हेच. तेव्हा 'हद्दपारीची शिक्षा' असं छापणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. गंमत अशी की 'हद्द' ज्या अरबीतून आला, तिथं त्याचा अर्थ सीमा आहे आणि धर्मशास्त्रानं ठरवून दिलेली शिक्षाही आहे. त्याचं अनेकवचन हुदूद.

आता 'प्रत्यार्पण'. पहिली गोष्ट, तो शब्द 'प्रत्यर्पण' आहे. प्रति अधिक अर्पण. प्रति अधिक अक्ष म्हणजे प्रत्यक्ष, प्रत्याक्ष म्हणत नाही ना आपण? तो आगाऊ काना 'प्रत्यारोपण'वरून उडून आला असणार. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण बरोबर, कारण तिथं आरोपण आहे. पण गुन्हेगार म्हणजे मूत्रपिंड नव्हे. दुसरी गोष्ट, अर्थ. दुसऱ्या देशानं खटल्यासाठी किंवा शिक्षेसाठी माणूस मागितला आणि तुम्ही कराराप्रमाणे तो त्याच्या हातात दिलात, तर प्रत्यर्पण. कुणी मागो न मागो, आम्हाला तो आमच्याकडे नको म्हणून बाहेर काढला, तर हद्दपारी. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही बघायचं असेल तर जॉन डेम्यान्युक घ्या. क्लीव्हलँडला मोटारींच्या कारखान्यात काम करणारा. १९८१ साली नागरिकत्व गेलं. १९८६ साली इस्रायलनं मागितला म्हणून दिला, हे प्रत्यर्पण. तिथं १९८८ साली फाशी सुनावली, १९९३ साली इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण त्रेब्लिंका छावणीतला जो क्रूरकर्मा म्हणून त्याला धरलं होतं तो हाच की दुसरा, याची शंका फिटेना. परत अमेरिकेत आला, १९९८ साली नागरिकत्व मिळालं, २००२ साली पुन्हा गेलं, आणि २००९ साली त्याला विमानात घालून जर्मनीत पोचवलं. ही हद्दपारी. म्युनिकच्या कोर्टानं २०११ साली त्याला सोबिबोर छावणीतल्या २८ हजारांहून अधिक खुनांत साथ दिल्याबद्दल दोषी ठरवलं, आणि अपील पडून असतानाच २०१२ साली तो मेला. आमच्या बातमीदारांनी या दोन्ही फेऱ्यांना 'प्रत्यार्पण' म्हटलं तर अर्धी गोष्टच बुडाली की!

असो. आता तडीपार. इथपर्यंत यायचीच मी वाट बघत होतो.

संस्कृत तट. दोन स्वरांमधला ट प्राकृतात ड होतो: वट चा वड, कटू चा कडू, घोटक चा घोडा. तशी तट ची तड. तड म्हणजे काठ. एखादं काम तडीस नेणं म्हणजे होडी मधे न बुडवता काठाला लावणं. तुमच्या आजीचं 'तडीक लाव' हेच. आता 'पार' बघा. पार म्हणजे काही गावातला वडाचा पार नव्हे, संस्कृतात पार म्हणजे नदीचा पलीकडचा काठ. अलीकडचा तो अवार. दोन्ही मिळून पारावार. 'आनंदाला पारावार उरला नाही' म्हणजे आनंदाचा ना हा काठ दिसतो ना तो. जो पलीकडे पोचला तो पारंगत. म्हणजे विद्वान आणि गुंड दोघंही पार गेलेलेच. एकाला शाल मिळते, दुसऱ्याला नोटीस.

माझं म्हणणं असं की तडीपार हा शब्द खाडीवर जन्मला, आणि तोही तरीवर. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी, हे कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो. देशावरची नदी उन्हाळ्यात गुडघाभर होते. तिथं तडीपार केलेला माणूस धोतर वर खोचून संध्याकाळी घरी जेवायला येईल. खाडी मात्र भरती-ओहोटीला बारमाही राखणदार. तरवाल्यानं बसवलं नाही तर माणूस पलीकडेच. ही माणसाला बाहेर ठेवण्याची व्यवस्था ज्यांच्या रोजच्या डोळ्यांसमोर, शब्द त्यांचाच असणार. प्राध्यापकमजकूर म्हणतात, तडीपार ही 'हद्दपार'ची बाजारू नक्कल आहे आणि माझ्याकडे कागद नाही. कागद नाही, कबूल. पण हद्द फारसीच्या दरबारातून आली, तड त्याआधीपासून इथंच होती. मग नक्कल कुणी कुणाची केली? 'दुथडी', 'भीमथडी', 'गंगथडी' यांतली थडी तडीची सख्खी बहीण, असंही मी म्हणतो. ते म्हणतात, मग त चा थ कसा झाला, ती स्थलीपासून आली. स्थलपासून थळ होतं सर, ळ! अलिबागेजवळ थळ नावाचं गाव आहे, एकदा येऊन बघून जा. (देशोधडीतली धडी हीच का, यावर मी अजून मत बनवलेलं नाही. बनवलंय, पण ते पुढच्या खेपेला.)

पुरावा नाही म्हणता, तर एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. सावित्री नदी बाणकोटला समुद्राला मिळते. अलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा. पलीकडे बागमांडला, रायगड जिल्हा. मधे फेरीबोट. तीनेक वर्षांपूर्वी मी दुपारच्या फेरीनं पलीकडे निघालो होतो. शेजारी एक म्हातारी, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. बोट बागमांडल्याला लागली, लोखंडी फळी धक्क्यावर टेकली, गाड्या उतरल्या, पण बाई उतरली नाही. फळीच्या टोकाशी उभी राहून तिनं हात लांब केला. धक्क्यावरच्या पोरानं डबा घेतला, कालचा रिकामा डबा परत दिला. "पिठीत मीठ कमी पडलंय," एवढंच ती बोलली, आणि त्याच फेरीनं मागं फिरली. तिकीट फाडणारा मला म्हणाला, "हा आमचा तडीपार. जिल्ह्याबाहेर काढलाय, तर मामाकडं राहतोय. इथनं त्याला आपल्या घराचे माड दिसतात." महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ प्रमाणे ही तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची. सरकारी नोटिशीत तिलाही हद्दपारच म्हणतात, आणि म्हणूनच सगळा घोळ. जिल्ह्याबाहेर दोन वर्षं आणि देशाबाहेर कायमचं, दोन्हीला एकच शब्द! माझ्या हाती असतं तर जिल्ह्याला तडीपार आणि देशाला हद्दपार अशी वाटणी करून टाकली असती. तुम्ही निदान लिहिताना ती पाळा.

पण अर्थाच्या दृष्टीनं तडीपार हाच शब्द जास्त शहाणा आहे. हद्द ओलांडायला नुसती रेघ पुरते. पार जायला मात्र पलीकडे काठ लागतो, आणि त्या काठानं घ्यावंही लागतं. त्या पालियचं बघा. नागरिकत्व २००३ साली गेलं, हद्दपारीचा हुकूम २००४ साली झाला, आणि माणूस न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या आपल्या घरात २०१८ सालच्या ऑगस्टपर्यंत बसून होता. चौदा वर्षं! जर्मनी म्हणे तो आमचा नागरिक नव्हे. पोलंड नको म्हणे, युक्रेन नको म्हणे. शेवटी जर्मनीनं घेतला तेव्हा तो ९५ वर्षांचा, आणि २०१९ च्या जानेवारीत मेला. तरीत बसवलेला, पण पलीकडे धक्काच नाही. शिवाय छळविरोधी आंतरराष्ट्रीय कराराचं तिसरं कलम सांगतं की जिथं छळ होण्याची रास्त भीती आहे तिथं कुणालाही धाडायचं नाही. कुणालाही, म्हणजे छळ करणाऱ्यालासुद्धा. ऐकायला कडू लागतं, पण तसंच आहे.

नदीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट टाळता येत नाही. १९९२ च्या नोव्हेंबरात रवांडात लेओं म्युगेसेरा नावाच्या पुढाऱ्यानं भाषण केलं. तिथल्या तुत्सी जमातीच्या लोकांना उद्देशून त्याचा रोख असा: तुमचा देश इथिओपिया, आम्ही तुम्हाला न्याबारोंगो नदीतून तिकडं लवकर पोचवू. १९९४ साली तुत्सींचा नरसंहार झाला तेव्हा त्या नदीतून प्रेतं वाहत गेली. नदीतून पोचवणं म्हणजे काय, हे तिथल्या ऐकणाऱ्यांना शब्दकोश न उघडता कळलं होतं. हा माणूस १९९३ साली कॅनडात जाऊन राहिला. त्याला घालवायचा दावा १९९५ पासून चालला, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि २०१२ च्या जानेवारीत तो रवांडाच्या राजधानीत, किगालीला उतरला. २०१६ साली जन्मठेप. मी तडीपारची व्युत्पत्ती इतक्या आनंदानं सांगतो खरा, पण हे वाचल्यावर काही दिवस तो शब्द माझ्या तोंडातून निघेना.

आपला किनाराही कुणाकुणाचा पैलतीर होताच म्हणा. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८५ साली पदच्युत झाला आणि त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. गादीवर बसल्यावर १८७९ साली राजघराण्यातल्या कित्येक भाऊबंदांची कत्तल झाली ती त्याच्याच राज्यात. पण इंग्रजांनी त्याला त्यासाठी नव्हे, राज्य हवं होतं म्हणून उचललं. १९१६ साली तो इथंच वारला. आणि तो इथं असतानाच, १९०८ साली, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना थिबाच्या मंडालेला धाडलं. असा अदलाबदलीचा व्यवहार इंग्रजच करू जाणे. थिबाला काय म्हणायचं विचाराल तर 'स्थानबद्ध'. निर्वासित नाही, तडीपार नाही.

तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. येऊच न देणं याला 'मज्जाव' हा उत्तम शब्द आहे, 'प्रवेशबंदी' कामचलाऊ. अमेरिकेनं १९७८ साली नाझी छळात हात असलेल्यांना मज्जाव आणि हद्दपारी असा दुहेरी कायदा केला. अशा माणसांचा माग काढायला १९७९ साली न्याय खात्यात खास कचेरी उघडली, आणि २००४ साली कायद्याचं जाळं कुठल्याही देशातला नरसंहार, छळ आणि बेकायदा हत्या यांपर्यंत पसरवलं. त्याच जाळ्यात एल साल्वादोरचा माजी संरक्षणमंत्री विदेस कासानोव्हा सापडला, २०१५ साली परत धाडला गेला. आणि १९५१ च्या निर्वासितांच्या करारातच पहिल्या कलमात सांगून ठेवलंय की युद्धगुन्हे केलेल्याला निर्वासित म्हणून संरक्षण नाही. पुण्याच्या सरांना हे कलम मी पोस्टानं पाठवणार आहे. अशा माणसाला 'घुसखोर'ही म्हणू नका. घुसखोर कुंपणाखालून येतो. हे दारातून, शिक्का मारून, 'बापाच्या शेतावर होतो' असं सांगून आले.

आता माझं एक काम. बाणकोट ते तेरेखोल कुठल्याही खाडीवर कुणाच्या घरी तरीच्या लिलावाचे किंवा मक्त्याचे जुने मोडी कागद असतील, तर त्यात 'तडीपार' हा शब्द माल किंवा माणसं पलीकडे नेण्याच्या साध्या अर्थानं आलाय का, तेवढं बघा. सापडलाच तर आधी मला कळवा, प्राध्यापकांना नंतर.