वाचकांचे प्रश्न : कर्नलला न कळलेला फ्लॅग

प्रश्न : एम.टेक.च्या प्रकल्पासाठी लिनक्स कर्नलच्या एममॅपमध्ये (फाइल किंवा मेमरी प्रोग्रामच्या पत्त्यांवर जोडून देणारा सिस्टीम कॉल) मी एक नवा फ्लॅग (वागणं ठरवणारा बिट) घातला. आमच्या कर्नलवर तो नीट चालतो. तोच प्रोग्राम साध्या कर्नलवर चालवला तर एममॅप यशस्वी होतो, एरर येत नाही, पण फ्लॅगचं कामही होत नाही. प्रोग्रामला हे कळावं कसं?

उत्तर : आहे त्या रचनेत कळणारच नाही. मॅप_शेअर्ड (बदल इतरांनाही दिसतात) किंवा मॅप_प्रायव्हेटबरोबर (बदल आपल्यापुरते राहतात) आलेला अनोळखी बिट लिनक्स तपासत नाही, मुकाट्याने सोडून देतो. ही खोड आता मोडताही येत नाही. भलतेसलते बिट पाठवूनही आजवर चालत आलेले प्रोग्राम बंद पडतील.

यातून वाट निघाली ती कर्नलच्या ४.१५ आवृत्तीत. फ्लॅगचे खालचे चार बिट मॅपिंगचा प्रकार सांगतात : शेअर्ड १, प्रायव्हेट २. त्यात ३ हा नवा प्रकार आला, मॅप_शेअर्ड_व्हॅलिडेट. वागणं शेअर्डसारखंच, पण अनोळखी फ्लॅग दिसला तर ईऑपनॉटसप ('हे पेलत नाही') ही एरर. आणि प्रकार ३ मुळातच माहीत नसलेला जुना कर्नल ईइन्व्हॅल ('चुकीचं मूल्य') देतो. म्हणजे दोन्हीकडे 'नाही' हे उत्तर स्पष्ट मिळतं. निमित्त होतं मॅप_सिंक या फ्लॅगचं. पर्सिस्टंट मेमरीवर (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीवर) प्रोसेसरची कॅश फ्लश केली की लिहिलेलं टिकलं, एफसिंकची (डेटा डिस्कवर पोचवायला सांगणाऱ्या कॉलची) गरज नाही, अशी हमी तो देतो. असा फ्लॅग कर्नलने गुपचूप गिळला, तर वीज गेल्यावर डेटा गेलेला दिसेल आणि प्रोग्राम मात्र निर्धास्त असेल.

तुमचा फ्लॅग फाइलच्या शेअर्ड मॅपिंगसाठी असेल तर हाच मार्ग घ्या. मात्र फ्लॅग पेलतो असं त्या फाइल सिस्टीमनेही जाहीर करावं लागतं. अनॉनिमस मॅपिंगला (मागे फाइल नसलेल्या मेमरीला) प्रकार ३ चालत नाही. म्हणूनच ६.११ मधल्या मॅप_ड्रॉपेबलने (मेमरी कमी पडली की कर्नल टाकून देऊ शकेल असं मॅपिंग) साधा बिट न घेता प्रकाराचा ८ हा आकडा घेतला. बिट निवडताना प्रत्येक आर्किटेक्चरची हेडर फाइल उघडून पाहा : मॅप_अनॉनिमस एक्स८६ वर ३२ आहे, मिप्सवर २०४८.

प्रश्न : मॅप_फिक्स्ड_नोरिप्लेस (दिलेल्याच पत्त्यावर, पण तिथलं काही न पुसता मॅप करा) हा मॅप_फिक्स्डला (दिलेल्याच पत्त्यावर मॅप करा) जोडायचा बिट का केला नाही? फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये मॅप_एक्स्क्ल तसाच आहे.

उत्तर : कारण वरचंच. मॅप_फिक्स्ड त्या पत्त्यावर आधी जे असेल ते न विचारता पुसून टाकतो, मग ती लायब्ररी असो की दुसऱ्या थ्रेडचा स्टॅक. नवा बिट त्याच्या जोडीला दिला असता, तर जुन्या कर्नलने तो बिट सोडून फिक्स्ड तेवढा पाळला असता. ४.१७ पासून नोरिप्लेस एकटा द्यायचा असतो. जागा व्यापलेली असेल तर ईएक्झिस्ट ही एरर. जुना कर्नल तो ओळखत नाही, तेव्हा पत्त्याला नुसती सूचना समजतो आणि जागा अडलेली असली तर मॅपिंग दुसरीकडे देतो. म्हणून मिळालेला पत्ता मागितलेल्याशी ताडून पाहा. वेगळा निघाला तर मनमॅप करा (मॅपिंग काढून टाका) आणि अपयश धरा. सवयीने फिक्स्डही जोडलात, तर जुन्या कर्नलवर सगळं मुसळ केरात.

आधी प्रोसेसचे मॅप्स (वापरात असलेल्या पत्त्यांची यादी) वाचून मोकळी जागा हेरणं हा उपाय नव्हे. वाचन आणि एममॅप यांच्यामध्ये दुसऱ्या थ्रेडचा मॅलॉक (मेमरी मागणारा कॉल) तिथे येऊन बसू शकतो.

प्रश्न : मॅप_पॉप्युलेट (मेमरीची पानं आधीच भरून ठेवा) देऊनही पुढे पेज फॉल्ट (पान हजर नसल्याने होणारा खोळंबा) होतात. एममॅपने एरर दिली नव्हती.

उत्तर : देणारही नाही. पानं भरता आली नाहीत तरी एममॅप यशस्वीच ठरतो. पानं मेमरीत अडकवून ठेवणाऱ्या मॅप_लॉक्डचंही तेच, पानं हमखास हवी असतील तर एममॅपनंतर एमलॉक हा वेगळा कॉल वापरा आणि त्याची एरर तपासा. नुसती भरायची असतील तर ५.१४ पासून एमॲडव्हाइजचा (मॅपिंगबद्दल कर्नलला सल्ला देणारा कॉल) पॉप्युलेट_राइट हा सल्ला आहे, तो अपयश कळवतो.

पहिल्या प्रश्नकर्त्यांनीही इकडे लक्ष द्यावं. तुमचं काम मॅपिंग झाल्यावर करता येण्याजोगं असेल तर एममॅपचा बिट खर्चूच नका. एमॲडव्हाइजला अनोळखी सल्ला दिला की तो थेट ईइन्व्हॅल देतो.