भूकंपानंतर बदलता येणारी लिंक

प्रश्न : कोयना परिसरात चार मजली स्टीलची इमारत बांधायची आहे. भूकंपात वाकलेला भाग तेवढाच काढून नवा बसवता येईल, अशी रचना करता येते का?

उत्तर : येते. तिरप्या ब्रेसची, म्हणजे चौकट ताठ ठेवणाऱ्या तिरप्या दांड्यांची, वरची टोकं तुळईच्या मध्यावर एकत्र आणू नका, त्यांच्यात अंतर ठेवा. तुळईचा मधला तुकडा म्हणजे लिंक. वाकायचं ते तिनेच. म्हणून ब्रेस, खांब आणि उरलेली तुळई लिंकच्या प्रत्यक्ष ताकदीच्या किमान सव्वापट बळासाठी धरा. स्टील कागदावरच्यापेक्षा मजबूत निघतं, आणि इथे तेच महागात पडतं: लिंक उशिरा वाकते आणि जास्तीचं बळ ब्रेस-खांबांवर येतं.

समजा गाळा (दोन खांबांमधलं अंतर) 6 मीटर, लिंक 600 मिमी, तिची खोली 300 आणि वेब (मधली उभी प्लेट) 8 मिमी. मजला उंचीच्या 0.8 टक्के कलला की लिंक दहापट, म्हणजे 0.08 रेडियन फिरते. आखूड लिंकची मर्यादा तीच. वेब चुरगळू नये म्हणून स्टिफनरमधलं (वेबला जोडलेल्या उभ्या ताठर पट्ट्यांमधलं) अंतर 180 मिमीच्या आत लागतं. तीन स्टिफनर लावले की 150 मिमी येतं. वेबला भोक पाडू नका, जाडी वाढवायला प्लेटही चिकटवू नका. ब्रेसचा फ्लँज (कडेची प्लेट) जिथे तुळईला मिळतो तिथे टोकाचा स्टिफनर बरोबर रेषेत हवा. 2011 च्या क्राइस्टचर्च भूकंपात एका पार्किंग इमारतीत ही रेष चुकली होती, आणि लिंक नेमक्या तिथेच तुटल्या.

लिंक दोन्ही टोकांना जाड एंड प्लेट आणि 10.9 ग्रेडच्या (जास्त ताकदीच्या) बोल्टांनी जोडा. लिंकवर शिअर स्टड (तुळई स्लॅबला बांधणारे खुंट) नकोत, नाहीतर बदलताना स्लॅबही फोडावा लागतो. दोन्ही टोकांना आडवा आधार मात्र हवाच.

प्रश्न : बदलताना अडचण कुठे येते?

उत्तर : बोल्टची भोकं जुळत नाहीत. इमारत 0.5 टक्के कललेली राहिली, तर वर धरलेल्या 6 मीटरच्या गाळ्यात लिंकची दोन टोकं सुमारे 30 मिमी वरखाली असतात, शिवाय लिंकमध्ये बळ अडकलेलं असतं. बोल्ट थेट सोडू नका, झटका बसेल. आधी तुळईखाली टेकू द्या, मग वेब गॅसने हळूहळू कापा. चौकट बरीचशी आपोआप सरळ होते, राहिलेलं तिरप्या जॅकने ओढा. नवी लिंक त्यानंतरचं माप घेऊनच बनवा. आधी करून ठेवलेली बसेलच असं नाही.