आधी पासपोर्ट की आधी अर्ज?

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग तिबेटी वसाहतीतली. माझा आणि आईचा जन्म इथलाच. वय 25, नागपुरात बी.एस्सी. नर्सिंग करून नोकरी करते. आमच्याकडे क्षयाचे काही पेशंट स्वेटर विकायला बाहेर पडले की गोळ्या सोडतात. यावर काम करायचंय, म्हणून अमेरिकेत पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायचं आहे. पण जो तो फॉर्म भारतीय पासपोर्ट मागतो. एजंट म्हणतो, आधी तोच काढ. काय करू?

उत्तर : एजंटाला तूर्त थांबव. त्याचं म्हणणं कायद्याला सोडून नाही. 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक ठरते, आणि तिबेटींनाही हे लागू आहे असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं. तुझी आई त्या काळातली असेल, तर तिच्यामुळे तुझाही हक्क निघू शकतो. पण पासपोर्ट घेताना आर.सी. (तिबेटींचं नोंदणी प्रमाणपत्र) आणि पिवळं पुस्तक (पासपोर्टऐवजी प्रवासाला चालणारं ओळखपत्र) परत करायचा मुद्दा येतो. मग निर्वासितांसाठीची शिष्यवृत्ती कशाच्या आधारावर मागणार? नागरिकत्वाचा निर्णय घरात बसून, वकिलाला विचारून घे. फॉर्ममधला एक रकाना भरता येत नाही म्हणून घेऊ नकोस.

तू मुळात दुसऱ्याच्या रांगेत उभी आहेस. तुझी रांग धरमशालेत आहे. तिबेटन स्कॉलरशिप प्रोग्राम 1988 पासून भारत आणि नेपाळमधल्या तिबेटी निर्वासितांना अमेरिकेत शिकायला पाठवत आला आहे. पैसा अमेरिकी सरकारचा, कारभार न्यूयॉर्कच्या तिबेट फंडाचा. जे पिवळं पुस्तक तुला अडचण वाटतं, तीच इथली पात्रता. मात्र 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा निर्वासित तिबेटींच्या योजनांनाही झळ बसली. त्यामुळे यंदा अर्ज मागवले आहेत का, हे धरमशालेतल्या निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या शिक्षण विभागाकडून पक्कं करून घे आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांसाठीही सोबतच अर्ज टाक.

नुसतं तिबेटचं नाव दिसलं म्हणून धावू नकोस. एमरी विद्यापीठाचा गाजलेला उपक्रम मठांतल्या भिक्षू-भिक्षुणींना विज्ञान शिकवण्याचा आहे. सारनाथच्या तिबेटी संस्थेचे अमेरिकेतल्या कॉलेजांशी देवाणघेवाणीचे जुने संबंध आहेत, पण तो रस्ता तत्त्वज्ञान आणि भाषेच्या विद्यार्थ्यांचा. तुझ्या कामाचं नाव अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. धरमशालेच्या डेलेक हॉस्पिटलसोबत त्यांनी तिबेटी शाळा आणि मठांमधून क्षयाची तपासणी केली आहे. ते काम आधी नीट वाच.

आणि अर्जासोबतचा निबंध? तुझ्या पत्रातलं गोळ्यांबद्दलचं ते एक वाक्यच निबंध आहे. 'मला लहानपणापासून सेवेची आवड' वगैरे खोडून टाक. (असे निबंध मी इतके वाचलेत की आता पहिल्या ओळीवरून शेवटची सांगतो.) लुधियानाहून आणलेले स्वेटर, दिवाळीनंतर नागपुरात लागणारी दुकानं, महिनोन्‌महिने घराबाहेर असलेला पेशंट आणि वसाहतीच्या दवाखान्यात राहिलेलं त्याचं औषधाचं कार्ड, हे लिही.

आता कागद. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर टेन्झिन होतं, आर.सी.वर टेन्झिंग. इंग्रजीत फरक फक्त शेवटच्या 'जी'चा, पण निस्तरायला चार महिने गेले. तुमच्यात आडनाव नसतं आणि परदेशी फॉर्म ते मागतातच, म्हणून नावाची कोणती फोड कुठे लिहायची हे एकदा ठरव आणि सगळीकडे तीच ठेव. पिवळ्या पुस्तकावर जाताना भारतात परतण्याच्या परवानगीचा शिक्का इथून निघण्याआधीच घ्यावा लागतो. तो नसेल तर जाणं सोपं, येणं अवघड.

येण्यावरून आठवलं. सरकारी पैशावर जे-1 व्हिसाने (अमेरिकेचा देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचा व्हिसा) गेलीस, तर शिकून झाल्यावर दोन वर्षं परतून राहण्याची अट असते. वडिलांना हे आजच सांग. 'मुलगी अमेरिकेत सेटल होईल' या हिशेबावर घरात कोणी कर्ज काढणार असेल, तर तो हिशेब चुकला आहे. तुला मात्र गोठणगावच्या तुझ्या वसाहतीतच काम करायचं असेल, तर या अटीचं ओझं वाटू नये.

आई स्वेटरचं दुकान लावायला नागपूरला निघण्याआधी तिचा जन्मदाखला शोधून ठेव आणि तुझ्या आर.सी.ची मुदत बघ. संपत आली असेल तर इंग्रजीच्या परीक्षेचे पैसे भरण्याआधी तिचं नूतनीकरण कर.