बक्षीस फोटोला की रोलला?

प्रश्न : मामांचा जुना, दोन भिंगांचा यशिका कॅमेरा माझ्याकडे आला. त्यावर रावेरच्या मळ्यात केळी कापणीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला : खांद्यावर घड घेऊन बागेबाहेर येणारा मजूर. एका स्पर्धेत त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मित्र म्हणतात, रोलवर काढलास म्हणून दिलं, मोबाइलवर काढला असतास तर कुणी पाहिलाही नसता. निकालाआधी आयोजकांनी 'मूळ फाइल' मागितली, तेव्हा माझ्याकडे लॅबचं स्कॅन तेवढं होतं. पुढच्या वेळी काय पाठवू? फोटोखाली 'फिल्मवर काढलेला' असं लिहू का?
— एक शिक्षिका, पारोळा

उत्तर : ताई, आधी अभिनंदन. 'उत्तेजनार्थ' म्हटलं की आपल्याकडे लोक तोंड वाकडं करतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेली प्रिंट माझ्या टेबलावर आहे. मजूर आहे त्याहून उंच वाटतो, घड झाडांच्या वर थेट आभाळात गेलाय आणि गड्याचं तुमच्याकडे लक्षच नाही. ही सगळी यशिकाची करामत. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. भिंग कमरेच्या उंचीवर, म्हणून माणूस उंच येतो. शिवाय समोरच्याला वाटतं, ही बाई डब्यात काहीतरी शोधतेय. मोबाइल तोंडासमोर धरला असतात तर त्याने एकतर पोज दिली असती, नाहीतर 'काय भो, पेपरात टाकता का?' विचारलं असतं. म्हणजे मित्रांचं अर्धं खरं : मोबाइलवर हा फोटो झाला नसता. पण परीक्षकाला पडद्यावर काही सेकंद दिसतं ते चित्र. रोल कुठे दिसतो?

आपल्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचं बघा. वर्षानुवर्षं माणूस घराबाहेर जवळपास पडला नाही. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश टाकून अख्खे देखावे उभे केले आणि देशोदेशीच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवली. ते १९८९मध्ये गेले. त्यांच्या काळी सगळेच फिल्मवर काढायचे, त्यामुळे फिल्मचे म्हणून कुणाला वेगळे गुण नव्हते. मूसांना मिळाले ते प्रकाशाचे.

आता मूळ फाइल. स्कॅनच्या फाइलमध्ये फार तर स्कॅनरचं नाव आणि स्कॅन केल्याची तारीख असते. कॅमेरा, शटर, काढल्याचा दिवस यांपैकी काही नसतं, म्हणून आयोजकांना शंका येते. तुमचा पुरावा म्हणजे निगेटिव्ह. पूर्ण पट्टी उजेडाच्या काचेवर ठेवून कडांसकट फोटो काढा आणि तो पाठवा. कडेवर फिल्मचं नाव आणि फ्रेमचा नंबर छापलेला असतो. शेजारच्या फ्रेमही दिसू द्या. तोच मजूर आधी लांब, मग जवळ, असा दिसला की वाद मिटतो. तारीख मात्र निगेटिव्हवर नसते, म्हणून वहीत रोल क्रमांक, दिवस आणि गाव लिहून ठेवा. 'गेल्या वर्षभरात काढलेला फोटो' असा नियम असला की ही वहीच कामाला येते.

आयोजक उगाच खोदून विचारत नाहीत. २०२३मध्ये सोनीच्या जागतिक स्पर्धेत बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने एआयने केलेलं, जुन्या फोटोसारखं दिसणारं चित्र धाडलं, त्याला एका विभागात बक्षीस जाहीर झालं आणि त्याने ते नाकारलं. म्हणजे जुनाट रंग आणि दाणेदार पोत आता कुणालाही आणता येतो.

'फिल्मवर काढलेला' हे तांत्रिक माहितीच्या रकान्यात लिहा. शीर्षकात नको. शीर्षकात लिहिलंत की तुमच्या मित्रांना आयतं कोलीत मिळेल.

प्रश्न : उन्हाळ्यात घरी रोल धुतले. निगेटिव्हवर बारीक भेगांची जाळी दिसते. फिल्म खराब होती का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : बहुतेक पाण्याने दगा दिला. फिल्मवरचा थर जिलेटिनचा. गरम डेव्हलपरमधून (चित्र उमटवणाऱ्या रसायनातून) एकदम थंड पाण्यात गेला की तो आक्रसतो आणि जाळी पडते. पुस्तकात २० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी हाताला चटका देतं, तिथे २० कुठून आणणार? २४पर्यंत आणलं तरी चालतं, मात्र डेव्हलपरमध्ये ठेवायची वेळ साधारण तीस टक्क्यांनी कमी करा. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की रोल डागाळत धुतला जातो, म्हणून त्याहून गरम नको. आपली हवा कोरडी असल्याने माठातलं पाणी छान गार होतं, त्यात बाटल्या बुडवून ठेवा. बर्फ घालायचा तो बाहेरच्या टबात, डेव्हलपरमध्ये कधीच नाही. आणि डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन), शेवटचं धुणं, सगळ्यांचं तापमान सारखं ठेवा. थर्मामीटर एकच वापरा, दोन वापरलेत तर ते आपसांत भांडतात. शक्यतो पहाटे धुवा.

प्रश्न : फी भरून भाग घ्यायच्या स्पर्धा खऱ्या असतात का?
— एक वाचक, यावल

उत्तर : फी असणं वाईट नाही, अनेक चांगल्या स्पर्धांना असते. परीक्षकांची नावं आधीच जाहीर झालीत का ते बघा आणि हक्कांचं कलम शेवटपर्यंत वाचा. 'पाठवलेले सर्व फोटो आयोजक कुठेही, कायमचे वापरू शकतील' असं असेल तर तुम्ही फी भरून वर फोटोही फुकट देताय. आणि निकालानंतर ट्रॉफीचे वेगळे पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या.