फॉर्मचा क्लास सर्व्हिसमध्ये न्यावा का?

प्रश्न : ताई, केळी खरेदीच्या नोंदींसाठी मी जावात वेब अ‍ॅप्लिकेशन लिहितोय. कंट्रोलर (ब्राउझरकडून आलेलं घेणारा), सर्व्हिस (व्यवहाराचं काम करणारा), रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा) असे थर केलेत. वेबपानावर भरलेली माहिती धरणारा 'खरेदीफॉर्म' हा क्लास मी तसाच सर्व्हिसला देतो. मित्र म्हणतो, हे चूक. पण तीच फील्डं दुसऱ्या क्लासात पुन्हा कशाला लिहायची?
– एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, मित्राचं ऐका. फॉर्मची जागा वेबच्या थरात, कंट्रोलरशेजारी. फील्डं सारखी दिसली तरी काम वेगळं आहे.

तुमचा मुनीम वजनाच्या रकान्यात '१२ क्विंटल' असं लिहील. हवा होता नुसता आकडा. फॉर्मने त्याचं लिहिलेलं जसंच्या तसं जपायचं, खाली 'फक्त आकडा लिहा' म्हणायचं आणि पान परत दाखवायचं. चुकीची माहिती सांभाळणं हे फॉर्मचं कामच आहे. स्ट्रट्स या जावाच्या वेब फ्रेमवर्कच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅक्शनफॉर्मची, म्हणजे तिथल्या फॉर्म-क्लासची, फील्डं बहुतेक स्ट्रिंग (नुसता मजकूर) ठेवायचे, ते याचसाठी. खरा व्यवहार मांडणाऱ्या 'खरेदी' या ऑब्जेक्टात मात्र '१२ क्विंटल' कधीच शिरता कामा नये. तिथे वजन म्हणजे शून्याहून मोठा आकडा.

हे मी धुळ्याकडच्या एका कापूस जिनिंगच्या कामात शिकले. काटा पावतीचा फॉर्म मी थेट सर्व्हिसपर्यंत नेला होता. पुढे मालकांनी भुईकाटा कॉम्प्युटरला जोडला. ब्राउझर नाही, भरणारा माणूस नाही, तरी सर्व्हिस फॉर्मच मागायची. मग मी खोटा फॉर्म बनवून काट्याचा आकडा स्ट्रिंग करून भरायचे आणि सर्व्हिस त्याचा पुन्हा आकडा करायची. पण खरं नुकसान वेगळंच झालं. रिकामी गाडी भरल्या गाडीहून हलकीच हवी, ही तपासणी मी फॉर्ममध्ये लिहिली होती आणि ती चालवायचा कंट्रोलर. काट्याच्या वाटेत कंट्रोलरच नव्हता. दोन पावत्यांवर कापसाचं वजन उणे निघालं, आणि शेतकरी पैशासाठी ताटकळत उभे. ते मला अजून बोचतं.

म्हणून कंट्रोलरने फॉर्म वाचावा, आकडे-तारखा करून घ्याव्यात आणि सर्व्हिसला साधी मूल्यं द्यावीत. ती फार झाली तर सर्व्हिसच्याच पॅकेजात एक साधा क्लास करा, ज्यात वेबचं एकही इंपोर्ट नसेल. व्यवहाराचे नियम 'खरेदी'मध्ये ठेवा.

आजच सर्व्हिसची एक टेस्ट फॉर्म न बनवता लिहून पाहा. जिथे अडाल, तिथूनच सुरुवात करा.